दिवसांचा हिशेब

रमजान तोंडावर आला की औषधाच्या दुकानांत एका गोळीची मागणी वाढते. तिचं नावही घ्यावं लागत नाही. "पाळी पुढे ढकलायची गोळी," एवढं हळू आवाजात म्हटलं की दुकानदार पाकीट कागदात गुंडाळून पुढे करतो. हजला किंवा उमऱ्याला निघालेल्या घरांतून ती मागवली जाते. आमच्या रेडीच्या बाजूला चवथीच्या आधी शेजारच्या हिंदू घरांतल्या बायकाही तीच गोळी नेतात, कारण गणपती घरात असताना 'अडचण' नको असते. धर्म वेगळे, सण वेगळे, गोळी एकच.

ही गोळी नक्की काय करते, असं विचारलं तर बहुतेक जणी "थांबवते" एवढंच सांगतात. कुणाला थांबवते? कशी थांबवते? थांबलेलं पुन्हा सुरू कसं होतं? शरीराच्या आतला जो कारभार वयाच्या बाराव्या-तेराव्या वर्षापासून पंचेचाळीस-पन्नाशीपर्यंत दर महिन्याला चालतो, त्याबद्दल आपल्या घरांत कुणी फारसं बोलत नाही. दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात हा धडा आहे. पण तो धडा येतो तेव्हा मुली माना खाली घालतात, मुलगे खिडकीबाहेर बघतात आणि काही शाळांत तर "हे घरी वाचा" असं सांगून पान उलटलं जातं. घरी ते पान कुणीच वाचत नाही. म्हणून वाचक भगिनींनो, आणि बंधूंनोही, या महिन्यात आम्ही तेच पान उघडतो आहोत.

मोजण्याची सवय आपल्याकडे आहेच

खरं तर दिवस मोजायची सवय आपल्या घरांत पिढ्यान् पिढ्यांची आहे. कोकणातले मुसलमान बहुतांशी शाफई. शाफई फिकहमध्ये हैजची कमीत कमी मुदत एक दिवस-एक रात्र, जास्तीत जास्त १५ दिवस, आणि सर्वसाधारण सहा ते सात दिवस अशी सांगितली आहे. हनफी फिकहमध्ये कमीत कमी तीन दिवस आणि जास्तीत जास्त दहा. दोन हैजांच्या मधला पाकीचा काळ, म्हणजे तुहर, दोन्हीकडे कमीत कमी १५ दिवसांचा धरला आहे. या दिवसांतली नमाज माफ, तिची कजा नाही. रोजे मात्र नंतर पुरे करायचे. तलाकनंतरची इद्दतही याच चक्रांवर मोजली जाते. एवढे सगळे मसले असल्यामुळे आपल्या नानी-दादींना तारीख लक्षात ठेवावीच लागे. कुणी भिंतीवरच्या कॅलेंडरवर टिंब करी, कुणी चांदरातीपासून बोटांवर मोजी.

आणि हा विषय कधी लपवण्याचा मानला गेला नाही. सहीह बुखारीत किताबुल हैज हा स्वतंत्र विभाग आहे. फिकहच्या किताबांत तहारतच्या पाठात हैजचे मसले खुलेपणाने येतात, आणि ते लिहिणारे, शिकवणारे बहुतेक पुरुषच होते. लाज आपण नंतर आणली.

मात्र आपण मोजतो ते रक्ताचे दिवस. शरीर जी मोजणी करतं ती वेगळी आहे, आणि रक्त हा त्या मोजणीचा शेवटचा टप्पा आहे. आधी काय घडतं ते समजलं, तर 'पाळी उशिरा का आली', 'या महिन्यात दोनदा का आली', 'गोळी घेऊ का नको' या प्रश्नांची उत्तरं आपोआप सोपी होतात.

निरोप कोण कुणाला देतं

पुस्तकात ज्यांना संप्रेरकं म्हटलं आहे आणि बोलताना आपण हार्मोन म्हणतो, ते म्हणजे रक्तातून जाणारे निरोप. एका ग्रंथीने सोडायचे, दुसऱ्या अवयवाने वाचायचे. हार्मोन हा शब्द स्टार्लिंग या इंग्लिश शास्त्रज्ञाने १९०५ साली पहिल्यांदा वापरला. पाळीच्या कारभारात तीन ठिकाणं महत्त्वाची: मेंदूच्या तळाशी असलेला अधश्चेतक म्हणजे हायपोथॅलॅमस, त्याच्या खाली लोंबणारी वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी, आणि ओटीपोटात गर्भाशयाच्या दोन बाजूंची दोन अंडाशयं.

सुरुवात अधश्चेतकाकडून होते. तो पीयूषिकेला थांबून थांबून निरोप पाठवतो. पाळीच्या पहिल्या अर्ध्या काळात साधारण तासा-दीड तासाला एक, दुसऱ्या अर्ध्यात बरेच सावकाश. हा निरोप सलग पाठवत राहिलं तर पीयूषिका ऐकेनाशीच होते. वर्गात सतत ओरडणाऱ्या मास्तरकडे मुलं लक्ष देत नाहीत, तसंच हे.

निरोप मिळाला की पीयूषिका दोन संप्रेरकं सोडते. एक पुटिका ग्रंथी संप्रेरक, म्हणजे एफएसएच. दुसरं पीतपिंडकारी संप्रेरक, म्हणजे एलएच. मुलगी जन्माला येते तेव्हाच तिच्या अंडाशयांत दहा ते वीस लाख अपक्व अंडी असतात. वयात येईपर्यंत तीन-चार लाख उरतात, आणि त्यांतली जेमतेम चारशे-पाचशे आयुष्यभरात बाहेर पडतात. प्रत्येक अंड्याभोवती पेशींची एक पिशवी असते, ती पुटिका. दर महिन्याला एफएसएचच्या हाकेने अशा काही पुटिका एकदम वाढू लागतात, आणि त्या वाढताना इस्ट्रोजेन तयार करतात.

हे इस्ट्रोजेन दोन कामं करतं. गर्भाशयाचं आतलं अस्तर जाड करतं, आणि वर पीयूषिकेला कळवतं की एफएसएच आता पुरे. घरावरच्या पाण्याच्या टाकीत तरंगता गोळा असतो ना, तसं हे आहे. पाणी वर आलं की गोळा वर येतो आणि नळ बंद होतो. एफएसएच कमी झालं की दुबळ्या पुटिका मागे पडतात. जी सर्वांत पुढे गेलेली असते तिला थोडक्यातही भागतं, म्हणून तीच टिकते. बहुतेक महिन्यांत एकच अंडं पिकतं ते यामुळे.

यानंतर मात्र टाकीचा नियम उलटतो. ती एकटी पुटिका इतकं इस्ट्रोजेन सोडते, की त्याची पातळी साधारण दोन दिवस सलग उंच राहिली की पीयूषिका थांबण्याऐवजी एकदम भराभर एलएच सोडू लागते. किनाऱ्यावर सुरमईच्या पाटीचा लिलाव सुरू होतो तेव्हा एक बोली दुसरीला चढवते, दुसरी तिसरीला, आणि पाटी विकली जाते तेव्हाच आवाज थांबतो. इथे तसंच होतं. एलएचची ही उसळी सुरू झाल्यावर साधारण दीड दिवसाने पुटिका फुटते आणि अंडं बाहेर पडतं. काही जणींना त्या दिवशी ओटीपोटाच्या एका बाजूला हलकी कळ येते. ते दुखणं नव्हे, हेच ते.

फुटलेली पुटिका वाया जात नाही. तिचाच पिवळसर गोळा होतो, तो पीतपिंड. तो प्रोजेस्टेरॉन बनवतो. इस्ट्रोजेनने जाड केलेलं अस्तर प्रोजेस्टेरॉन पोसतं, मऊ करतं, पाहुण्यासाठी अंथरूण घालावं तसं तयार ठेवतं. शरीराचं तापमानही या काळात तीन ते पाच दशांश अंश सेल्सिअसने वाढलेलं असतं. छाती जड वाटणं, चिडचिड, पोट फुगणं हे याच दिवसांतलं. गर्भ राहिला तर तो स्वतःचा निरोप पाठवून पीतपिंडाला जिवंत ठेवतो. घरी लघवीवर करायच्या चाचणीत पट्टीवर जी दुसरी रेघ उमटते ती याच निरोपाची. गर्भ राहिला नाही तर पीतपिंड साधारण दोन आठवड्यांत सुकतो. प्रोजेस्टेरॉन खाली येतं, अस्तराच्या रक्तवाहिन्या आकसतात, अस्तर सुटतं आणि पाळी येते. हे होताना प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं सुटतात. ती गर्भाशयाला पिळतात, म्हणून पोट दुखतं. गरम पाण्याची पिशवी आणि डॉक्टरांनी सांगितलेली, पोटात काही असताना घेतलेली गोळी यांनी आराम पडतो, कारण ती गोळी ही द्रव्यं बनणंच कमी करते. दर महिन्याला दातओठ खाऊन सोसण्यात कसलाही सवाब नाही.

पाळीच्या दिवसांत इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन दोन्ही कमी असतात. टाकीतला गोळा खाली आलेला असतो, म्हणून एफएसएचचा नळ पुन्हा उघडतो. पाळीच्या पहिल्या दिवशी पुढच्या अंड्याची तयारी सुरूही झालेली असते.

पुढे नाही, मागे मोजा

यातला सर्वांत उपयोगाचा शोध एका जपानी डॉक्टरचा आहे. क्यूसाकू ओगिनो हे शस्त्रक्रियांच्या वेळी अंडाशयांकडे बारकाईने बघत आणि त्या बाईच्या पाळीच्या तारखा ताडून पाहत. १९२४ साली त्यांनी मांडलं की अंडं पुढची पाळी येण्याच्या १२ ते १६ दिवस आधी सुटतं. मागच्या पाळीपासून मोजून हा दिवस नेमका सापडत नाही. पुढच्या पाळीपासून मागे मोजला की सापडतो. ऑस्ट्रियाचे हेरमान क्नाउस हेही काही वर्षांत स्वतंत्रपणे याच निष्कर्षावर आले.

याचा अर्थ असा. पीतपिंडाचं आयुष्य ठरलेलं, साधारण १४ दिवस. म्हणून चक्राचा दुसरा अर्धा भाग फारसा बदलत नाही. लहान-मोठा होतो तो पहिला भाग. कुणाची पाळी ३५ दिवसांनी येत असेल तर तिचं अंडं साधारण एकविसाव्या दिवशी सुटतं, चौदाव्या नव्हे. आणि या महिन्यात पाळी आठ दिवस उशिरा आली असेल, तर बहुधा अंडंच आठ दिवस उशिरा पिकलं, कारण अधश्चेतकाने निरोप लांबवला. तो मेंदूत बसलेला असल्यामुळे त्याला घरातलं सगळं कळतं. दहावीची परीक्षा, घरातला मृत्यू, एकदम उतरलेलं वजन, तापाचं आजारपण, रात्रीची पाळी असलेली नोकरी, या सगळ्याने निरोप मंदावतात. मुलीची पाळी परीक्षेच्या महिन्यात पुढे गेली तर तिच्याकडे संशयाने बघण्याचं कारण नाही. तिचा मेंदू फक्त म्हणतो आहे, सध्या वेळ बरी नाही.

किनाऱ्यावर राहणाऱ्या आपल्या लोकांना आणखी एक समज असतो, की पाळीही भरती-ओहोटीसारखी चंद्रावर चालते. उधाण अमावास्या-पौर्णिमेला येतं, भांग अष्टमीच्या सुमारास, हे तेरेखोलच्या खाडीत होडी घालणाऱ्या कुणालाही विचारा. चांद्रमास साडेएकोणतीस दिवसांचा आणि पाळीचं सरासरी चक्र २८ दिवसांचं, म्हणून दोन्ही जोडले गेले असावेत. पण समुद्र एकाच दिवशी सगळ्या किनाऱ्याला भरतो. एकाच घरातल्या तीन बहिणींच्या तारखा मात्र तीन असतात. प्रौढ बाईला २१ ते ३५ दिवसांत केव्हाही पाळी येणं ठीक. पाळी नुकतीच सुरू झालेल्या मुलींत ४५ दिवसांपर्यंतही चालतं. पहिली दोन-तीन वर्षं लिलावाची ती उसळी नीट जमलेली नसते, बऱ्याच महिन्यांत अंडं सुटतच नाही, त्यामुळे तारीख इकडेतिकडे होते. बाराव्या वर्षीच्या अनियमितपणावर लगेच हार्मोनच्या गोळ्या सुरू करायची घाई नको.

हे ज्ञान दुरून आलेलं असलं तरी त्याचा कस मुंबईतही लागला आहे. ६ ऑगस्ट १९८६ रोजी केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून टेस्ट ट्यूब बाळाचा जन्म झाला. त्यामागे परळच्या प्रजनन संशोधन संस्थेचे डॉ. टी. सी. आनंद कुमार यांचं काम होतं. शरीराबाहेर गर्भ तयार करायचा तर अंडं फुटून बाहेर पडण्याच्या ऐन आधी हाती लागावं लागतं, आणि तो क्षण संप्रेरकांचा हिशेब ठेवल्याशिवाय सापडत नाही. मूल नसल्याचा बोल सोसणाऱ्या कितीतरी बायकांच्या घरात या हिशेबाने पाळणा हलला.

आता त्या गोळीकडे

पाळी पुढे ढकलणाऱ्या गोळीत नॉरएथिस्टेरॉन असतं. ते प्रोजेस्टेरॉनची नक्कल करतं. पाळी कशाने येते ते वर पाहिलं: प्रोजेस्टेरॉन खाली आल्याने. गोळी रोज घेतली की ती पातळी खाली येऊ देत नाही, आणि अस्तर जागच्या जागी राहतं. गोळी बंद केली की दोन-तीन दिवसांत पाळी येते. म्हणजे गोळी पाळी 'बंद' करत नाही. शेवटचा निरोप अडवून धरते. म्हणूनच ती अपेक्षित तारखेच्या साधारण तीन दिवस आधी सुरू करावी लागते. रक्त सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नाही. तिने गर्भधारणा टळते असंही समजू नये.

हजमध्ये हा प्रश्न खरोखरचा आहे. तवाफ-ए-जियारत हैजमध्ये करता येत नाही आणि परतीच्या विमानाची तारीख ठरलेली असते. अशा वेळी, आणि शरीराला इजा होत नसेल तर, गोळी घ्यायला अनेक उलमांनी परवानगी दिली आहे. पण परवानगी म्हणजे सक्ती नव्हे. रमजानमध्ये सुटलेले रोजे नंतर पुरे करण्याची सोय दीननेच दिली आहे. 'सगळ्यांबरोबर तीस पुरे व्हावेत' एवढ्या हौसेपोटी दरवर्षी महिनाभर गोळ्या घेणाऱ्या मुली आहेत. त्यांनी आणि त्यांच्या अम्मींनी हे लक्षात घ्यावं. ज्या सवलतीत गुनाह नाही, तिची लाज कशाला?

आणि गोळी घ्यायचीच असेल तर आधी डॉक्टरांना दाखवून. पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी कधी झाली असेल, यकृताचा आजार असेल, स्तनांचा कर्करोग झालेला असेल, अर्धशिशीत डोळ्यांपुढे चकाकत्या रेषा येत असतील, कारण न कळलेला रक्तस्राव होत असेल, किंवा दिवस गेल्याची शंका असेल, तर ही गोळी धोक्याची. घेत असताना एका पायाची पोटरी सुजून दुखू लागली किंवा धाप लागली तर ताबडतोब रुग्णालयात जावं. शेजारणीच्या पाकिटातली उरलेली गोळी कधीही घेऊ नये. आपल्याला काय आजार आहे, हे दुकानदाराला दिसत नाही.

मसल्याचे दिवस आणि डॉक्टरांचे दिवस

इथे एक घोटाळा होतो, तो सांगणं आम्हांला फार गरजेचं वाटतं. शाफई मसल्यात १५ दिवसांपर्यंतचा स्राव हैज धरला जातो, म्हणून काही बायका म्हणतात, "अजून पंधरा कुठे झाले?" आणि घरीच बसतात. त्या मर्यादेपलीकडच्या रक्ताला फिकहमध्ये इस्तिहाजा म्हटलं आहे आणि त्याचे हुकूम वेगळे आहेत. पण ही मर्यादा इबादतीसाठी आहे: नमाज कधी माफ, कधी फर्ज, हे ठरवायला. शरीराचं दुखणं तपासून घ्यायला कुठल्याच फिकहने पंधराव्या दिवसाची वाट बघायला सांगितलेलं नाही. मसला आलिमांना विचारा, आजार डॉक्टरांना. दोन्हीकडे तुमच्या वहीतली तारीखच उपयोगी पडणार आहे.

डॉक्टरांकडे केव्हा जावं, तर स्राव आठ दिवसांपेक्षा जास्त चालला तर. तासा-दोन तासाला पॅड बदलावं लागलं, मोठ्या गुठळ्या पडल्या तर. पाळी २१ दिवसांच्या आत किंवा ३५ दिवसांहून उशिरा वारंवार येऊ लागली तर. तीन महिने आलीच नाही तर. मुलगी पंधरा वर्षांची होऊनही सुरू झाली नाही तर. आणि पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा एक थेंब जरी दिसला, तरी त्याच आठवड्यात.

यांतलं एक कारण आजकाल घरोघरी ऐकू येतं, पीसीओएस. त्यात पुष्कळ पुटिका वाढू लागतात, पण एकही पूर्ण पिकत नाही. सोनोग्राफीत दिसणाऱ्या त्या बारीक पुटिकांना 'गाठी' म्हणतात आणि घरात रडारड होते. त्या कर्करोगाच्या गाठी नव्हेत, अर्धवट थांबलेल्या पुटिका आहेत. पाळी लांबते, चेहऱ्यावर लव आणि मुरुमं येतात, वजन वाढतं. चालणं, जेवणातलं गोड आणि मैदा कमी करणं, थोडं वजन उतरवणं यानेही अनेक जणींची पाळी रुळावर येते. थायरॉइडच्या बिघाडानेही पाळी बिघडते, म्हणून रक्ताची तपासणी करून घ्यावी. आणि मुलीच्या स्थळाच्या चिंतेने हा आजार लपवू नये. लपवल्याने तो वाढतो.

दुसरी गोष्ट अशक्तपणाची. एका पाळीत सरासरी ३० ते ४० मिलिलिटर रक्त जातं. ८० च्या वर जाणं जास्त. एक मिलिलिटर रक्ताबरोबर साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह जातं. म्हणजे दर महिन्याला १५ ते २० मिलिग्रॅम लोह भरून काढावं लागतं. महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बायकांना पंडुरोग आहे. रेडीच्या खाणीतून जहाजं भरभरून लोहखनिज बाहेर गेलं. आमच्या मुलींच्या रक्तात मात्र लोह कमी. शाळेत आठवड्याला निळी गोळी मिळते, ती फेकू नका. तांबड्या माठाची भाजी, कुळीथ, मटण-कलेजी आणि वरून लिंबू किंवा आवळा, असं जेवण ठेवा. जेवणाला लागून चहा घेऊ नका, तो लोह अंगी लागू देत नाही.

पिशवी काढून टाकण्याआधी

हा हिशेब न समजल्याची किंमत किती मोठी असते, ते बीड जिल्ह्यात दिसलं. तिथली ऊसतोड मजुरांची जोडपी दरवर्षी मुकादमाकडून उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. एक दिवस काम चुकलं की खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. पाळीचे दिवस असोत, अंगावर जात असो, फडात संडास नाही, पाणी नाही. अशा बायकांना पोटदुखीसाठी दवाखान्यात गेल्यावर "पिशवी काढून टाका, कटकट जाईल" असं सांगितलं गेलं. २०१९ साली हे प्रकरण विधिमंडळात गाजलं आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२,३०९ ऊसतोड महिलांची माहिती घेतली, त्यांत १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. कित्येक जणी ऐन तिशीतल्या. त्यानंतर जिल्ह्यात खासगी रुग्णालयांना ही शस्त्रक्रिया जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीशिवाय करायला मनाई झाली.

आपल्याकडे फड नाही, पण "मुलं झाली, आता पिशवी हवी कशाला" हे वाक्य कोकणातही ऐकू येतं. गर्भाशयाबरोबर अंडाशयंही काढली तर इस्ट्रोजेन एका दिवसात बंद होतं. अंगातून वाफा, झोप जाणं, हाडं ठिसूळ होणं, हृदयाचा धोका, हे जे पन्नाशीनंतर हळूहळू यायचं ते तिशीत एकदम येतं. अंडाशयं ठेवली तरी ती वेळेआधी थकण्याची शक्यता वाढते. कर्करोग असेल, मोठ्या गाठी असतील, दुसरा इलाज उरला नसेल तर शस्त्रक्रिया जरूर करावी, ती जीव वाचवते. पण आधी तीन गोष्टी विचारा: नेमकं कारण काय निघालं? औषधाने किंवा हार्मोनच्या तांबीने भागेल का? अंडाशयं ठेवणार का? आणि दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. इथून शिरोडा-वेंगुर्ल्याचं सरकारी रुग्णालय आहे, ओरोस आहे, खाडीपलीकडे गोव्यात बांबोळी आहे. आठ-दहा दिवस थांबून विचारल्याने सहसा काही बिघडत नाही.

घरात काय करावं

जुलै २०२५ मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या शहापूरच्या एका शाळेत स्वच्छतागृहात रक्ताचे डाग दिसले, म्हणून पाचवी ते दहावीच्या मुलींची पाळीसाठी अंगझडती घेतली गेली. पोलिसांत गुन्हा दाखल झाला, मुख्याध्यापकांना अटक झाली. शिकलेली माणसंही इथवर जाऊ शकतात. विषय वर्गात शिकवला पण मनात उतरलाच नाही, तर असं होतं. आम्हां शिक्षकांना तर ही बातमी वाचून गप्प बसता येत नाही. शाळेत बंद होणारं दार, पाणी, कचऱ्याची झाकणाची बादली आणि दोन जादा पॅड, एवढं असलं तर झडतीचा विचारही कुणाच्या डोक्यात येणार नाही. ८ मार्च २०१८ रोजी राज्य सरकारने अस्मिता योजना सुरू केली, तिच्यात जिल्हा परिषद शाळेतल्या मुलींना आठ पॅडचं पाकीट पाच रुपयांत ठेवलं होतं. पॅड परवडू शकतो. बोलायला तर पैसेही पडत नाहीत.

म्हणून घरात एवढं करा. मुलगी दहा वर्षांची झाली की पाळी येण्याआधीच तिला सांगा, काय होतं आणि का होतं. अम्मीने सांगावं, अम्मीला जमत नसेल तर खाला, फुफी, बाजी कुणीही. रमजानमध्ये ती दिवसा जेवत असेल तर भावाने "तुझा रोजा नाही?" म्हणून हटकू नये, आणि तिला स्वयंपाकघरात कोपऱ्यात लपून खावं लागू नये. मुलग्यालाही वडिलांनी एकदा हे समजावून सांगावं; उद्या तो कुणाचा तरी शोहर होणार आहे.

आणि एक वही करा. साधी, दहा-वीस रुपयांची. चार रकाने: पाळी सुरू झाल्याची तारीख, संपल्याची तारीख, दिवसाला किती पॅड लागले, आणि दुखणं किंवा इतर काही. सुटलेल्या रोज्यांसाठी पाचवा रकाना ठेवला तर शव्वालमध्ये आठवत बसावं लागणार नाही. सहा महिन्यांची अशी वही घेऊन मुलगी डॉक्टरांपुढे बसली तर अर्धं निदान तिथेच होतं. सरकारी रुग्णालयांत किशोरवयीन मुलांसाठी मैत्री क्लिनिक असतात, गावात आशाताई असतात. त्यांना विचारायला संकोच करू नका.

तुमचे प्रश्न मासिकाच्या पत्त्यावर पाठवा. नाव नको असेल तर लिहू नका, प्रश्न पुरेसा आहे. पुढच्या महिन्यात आपण चाळिशीनंतरच्या बदलांबद्दल, म्हणजे पाळी जाण्याच्या काळाबद्दल बोलू. तोवर वहीचं पहिलं पान भरून ठेवा.